ओळख नको, वकील हवा

भाचा दारू पिऊन गाडी चालवताना नाकाबंदीत सापडला, तेव्हा घरातला प्रत्येक जण ‘वर’ कुणाची ओळख निघते का ते शोधू लागला. मी ताईला एकच सांगितलं, “आधी वकील गाठू.”

वकीलबाईंनी सगळ्यात आधी मागितली ती ब्रेथ अॅनालायझरची पावती. ती फिकट पट्टी दिव्याखाली धरून त्यांनी वेळ, आकडा, सह्या बारकाईने पाहिल्या. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, पावतीवर ८५. “कुणाला धडक बसली? कुणाला लागलं?” नाही म्हटल्यावर त्या जरा सैलावल्या. कुणी दगावलं असतं तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही लागू शकला असता.

मग त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ समजावून सांगितलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर कैद दोन वर्षांपर्यंत, दंड १५,०००. गुन्हा जामीनपात्र आहे. पण प्रकरण रस्त्यावर मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. शिवाय परवाना निलंबित होतो तो वेगळाच. आणि दारूच्या नशेत गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

“दंड भरून मोकळं होऊ या,” ताई म्हणाली.

“ताई, गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं,” वकीलबाई म्हणाल्या. “उद्या नोकरीच्या अर्जात विचारलं, तर लपवता येणार नाही. तपासणीत खोट असेल तर लढू. नसेल तर त्याने सगळं समजून, स्वतःच्या तोंडाने कबूल करावं.”

खोट निघाली नाही. भाच्याने न्यायाधीशांसमोर कबुली दिली, दंड भरला. परवाना परत मिळेपर्यंत तो एसटीने कामावर जात होता.

ओळखीने प्रकरण दाबलं गेलं असतं, तर तो पुन्हा तसाच स्टिअरिंगवर बसला असता, अशी माझी खात्री आहे. वकिलामुळे त्याचे हक्क राखले गेले आणि परिणामही त्याला नीट कळले. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अटकेत असलेल्यांना, महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवलेला असावा.