चिलापी, हार्मोन्स आणि पुण्याचं पाणी

वहिनीला पाचवा महिना लागला आणि आमच्या सोलापूरच्या घरातून मासे हद्दपार झाले. कारण? फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड. 'पाळलेल्या माशांना हार्मोन्सची इंजेक्शनं देतात, गरोदर बायकांनी खाऊ नयेत.' आईचं फर्मान निघालं, चिलापी बंद म्हणजे बंद! भिगवणला गाडी थांबवून मासे खाल्ल्याशिवाय जिचा पुण्याहून परतीचा प्रवास होत नाही, त्या वहिनीचा चेहरा बघवत नव्हता. म्हटलं, पत्रकार नणंद असण्याचा तिला काहीतरी उपयोग होऊ दे.

तर, इंजेक्शनची गोष्ट अगदीच थाप नाही. रोहू-कटला तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. तेव्हापासून सुई टोचली जाते ती आई-बापांना. आपल्या ताटात येतात ती त्यांची पोरं.

तिलापियाचं, म्हणजे आपल्या चिलापीचं, प्रकरण वेगळं. हिची वीण इतकी भन्नाट, की तळं पिल्लांनी भरतं आणि एकही मासा धड मोठा होत नाही. नर मात्र झपाट्याने वाढतात. म्हणून अनेक हॅचऱ्यांमध्ये पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे मिथाइलटेस्टोस्टेरॉन मिसळलेलं खाद्य देतात. जवळपास सगळे नर! तेव्हा पिल्लू एक ग्रॅमचंही नसतं. पुढचे काही महिने साधं खाद्य खाऊन ते विकण्याजोगं होईपर्यंत ते हार्मोन अंगातून निघून गेलेलं असतं. गुरांच्या वाढीसाठी हार्मोन्स द्यायला बंदी घालणाऱ्या युरोपीय संघानेही १९९६ च्या निर्देशात माशांच्या पिल्लांना पहिल्या तीन महिन्यांपुरती ही सूट ठेवली. (मला काळजी वाटते ती ते खाद्य रोज हाताने कालवणाऱ्या माणसाची. त्याच्यासाठी कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.)

आणि उजनीत जाळ्याने धरलेली चिलापी? ती धरणातच आपली आपण पोरंबाळं वाढवते. तिला हार्मोन खाऊ घालायला कोण जाणार? अमेरिकेचं एफडीए तर पारा कमी म्हणून गरोदर बायकांसाठी तिलापियाला पहिल्या पसंतीच्या यादीत ठेवतं. वहिनीच्या डॉक्टरांनीही 'ताजा आणि नीट शिजवलेला' एवढ्याच अटीवर परवानगी दिली. विषय संपला.

पण माझा नाही संपला. कारण मासा काय खातो हे शोधताना तो कशात पोहतो तेही कळत गेलं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि भीमा येते उजनीत. त्यातलं सगळंच पाणी शुद्ध होऊन येत नाही. सांडपाण्यात माणसांनी घेतलेल्या औषधांचे अंश असतात, गर्भनिरोधक गोळ्यांचेसुद्धा. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सांडपाणी सोडलेल्या नद्यांत नर माशांच्या वृषणात अंडपेशी सापडल्या होत्या. तिथे कुणी सुई टोचली नव्हती, की खाद्य कालवलं नव्हतं. हार्मोन्स माणसांकडून माशांकडे गेली होती, तीही फुकट.

तेव्हा हिंजवडीतल्या आमच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या सोसायटीचा एसटीपी खरंच चालू असतो की नुसता बांधलेला आहे, हे एकदा सेक्रेटरीला विचाराल का? सोलापूरच्या नळाला उजनीचंच पाणी येतं. शुद्ध शाकाहारी घरांतसुद्धा.