चित्रामागची चिठ्ठी

तात्याना याब्लोन्स्काया यांचं ‘धान्य’ हे चित्र १९४९ सालचं. सामूहिक शेतावरचं खळं, उन्हात तापलेली गव्हाची रास, बाह्या सारून कामाला लागलेल्या बाया. दमलेला चेहरा एकही नाही. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत आहे; भिवंडीत माझ्याकडे आहे ते त्याचं छापील पान. मला ते मनापासून आवडतं. त्यातलं ऊन खरं आहे, त्या हातांची ताकद खरी आहे. पण ते ज्या युक्रेनमधलं आहे तिथे १९४६-४७ मध्ये दुष्काळाने माणसं मेली होती, आणि त्याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. चित्राला स्टालिन पारितोषिक मिळालं.

म्हणून मी माझ्याकडच्या प्रत्येक चित्रामागे एक चिठ्ठी ठेवतो. साल, चित्रकार, चित्र कुणाला हवं होतं, आणि त्या साली तिथे घडलेलं काय चित्रात आलं नाही. १९३४ च्या सोव्हिएत लेखक परिषदेत समाजवादी वास्तववाद हे साहित्याचं आणि कलेचं अधिकृत धोरण ठरलं. त्यानंतरचं चित्र चिठ्ठीशिवाय अर्धंच कळतं.

आपल्याकडे ही मूळ सोव्हिएत तैलचित्रं मिळत नाहीत. मिळतात ती ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाची गुळगुळीत पानं, ज्यांची एका पिढीने वह्यांना कव्हरं घातली. मिळतात पोस्टरं, क्वचित लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेले छाप. भिंगाखाली छापील चित्र ठिपक्यांत विरघळतं. लिनोकटची काळी शाई सलग राहते, आणि कागद उलटा करून बोट फिरवलं तर बहुधा दाब जाणवतो. खरी कसोटी हे कागद टिकवण्याची. आमच्या गावात पावसाळ्यात भिंती ओलावतात, यंत्रमागांच्या कापसाचे तंतू बंद कपाटातही शिरतात. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर कधीच लावू नका. तिचा गोंद कागदात मुरला की डाग निघत नाही.

माझ्या लेखी या साऱ्या सोव्हिएत चित्रकारांहून मोठा चित्रकार मात्र अंधेरीत राहत होता. चित्तप्रसाद. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते दुष्काळग्रस्त मिदनापूर पायी फिरले, आणि समोर दिसलेली उपाशी माणसं त्यांनी काळ्या शाईत काढली. ‘हंग्री बेंगॉल’ या त्यांच्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. ते कम्युनिस्ट पक्षाचे चित्रकार होते, पक्षाच्या पत्रांसाठी काढत होते, म्हणजे प्रचारच करत होते. पण हा प्रचार भूक झाकत नव्हता. १९४८ मध्ये पी. सी. जोशींच्या जागी बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले, पक्षाची दिशा बदलली, आणि चित्तप्रसाद पक्षापासून दूर गेले. लिनो कोरणं त्यांनी सोडलं नाही. राबणारी मुलं, शेतकरी, शांततेची मागणी करणारी माणसं ते कोरत राहिले. १९७८ मध्ये ते गेले.

बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवणारा भिवंडीचा कामगार मला अजून कुणाच्या कॅनव्हासवर भेटलेला नाही. भेटला तर त्या चित्रामागची चिठ्ठीही मी तितक्याच काटेकोरपणे लिहीन.

गिरणगावातल्या, ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी माळ्यावर ‘लोकयुद्ध’ या पक्षाच्या पत्राचे अंक, सोव्हिएत मासिकं, मोर्च्याची पोस्टरं अजून असतील. घर आवरताना ती रद्दीत घालू नका. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ती कुठून आली, कोणत्या साली, कुणी दिली. आणि त्यांनी सांगितलेलं पेन्सिलीने एका वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा.