क्रीटचा बेत

वहीतलं पहिलं पान मी अजून फाडलेलं नाही. त्यावर लिहिलंय : पहिला दिवस हेराक्लिओन, दुसरा दिवस चानिया, तिसऱ्या दिवशी दक्षिण किनाऱ्याने गाडीतून परत. क्रीट बेटाची लांबी साधारण 260 किलोमीटर, रुंदी कुठे 60 तर कुठे जेमतेम 12. म्हणजे साताऱ्याहून मुंबईला जावं एवढंच ते लांब. तीन दिवसांत होईल, असं मला मनापासून वाटलं होतं. पासपोर्ट हातात येऊन चार महिने झाले होते आणि परदेशी जायची आम्हा दोघांचीही ही पहिलीच वेळ.

मी तीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं. आहार आणि हृदयविकार यांचा संबंध सांगताना 1958 मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासाचा उल्लेख यायचा. अॅन्सेल कीज यांच्या त्या अभ्यासात क्रीटच्या खेड्यांतले पुरुष होते. डाळी, भाज्या, जवाची भाकर आणि भरपूर ऑलिव्ह तेल खाणारे, आणि हृदयविकाराचं प्रमाण सगळ्यांत कमी असलेल्यांपैकी. एवढी वर्षं फळ्यावर लिहिलेलं ते जेवण एकदा ताटात बघावं, ही माझी इच्छा. ह्यांना मात्र जेवणापेक्षा डोंगरांची ओढ.

पहिला धक्का दक्षिण किनाऱ्याने दिला. तो धरून जाणारा सलग रस्ताच नाही. लेफ्का ओरी, प्सिलोरितिस आणि दिक्ती अशा तीन मोठ्या डोंगररांगा बेटावर आहेत. प्सिलोरितिसचं शिखर 2,456 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटरने उंच. आग्या रूमेली नावाच्या गावाला तर गाडीरस्ताच नाही. तिथे बोटीने जायचं, नाहीतर पायी. उत्तर किनाऱ्यावरून दक्षिणेला उतरायचं म्हणजे प्रत्येक वेळी एक घाट. महाबळेश्वर ते पोलादपूर नकाशात बोटभर दिसतं, पण आंबेनळी घाट ज्याने पार केलाय तो किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. मीही मग वहीत तास मांडायला घेतले. गावांच्या नावांनी वेगळाच गोंधळ घातला. इंग्रजीत ‘च’ने सुरू होणारं चानिया मी महिनाभर तसंच म्हणत होते, ग्रीक उच्चार ‘हन्या’च्या जवळचा आहे.

जेवणाची तयारी मात्र मी जीव लावून केली. मी शाकाहारी. गामोपिलाफो हे तिथल्या लग्नातल्या भाताचं नाव वाचून आनंद झाला होता. पांढरा, मऊ, लिंबू पिळलेला भात! पुढे कळलं की तो बोकडाच्या किंवा कोंबड्याच्या रश्श्यात शिजवतात. ताटात मांसाचा तुकडा दिसत नसला तरी भात सामिषच. मग ‘नीस्तीसिमा’ हा शब्द सापडला : ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपासाचे पदार्थ. मांस, मासे, अंडी, दूध, सगळं वर्ज्य. ईस्टरआधीचे सुमारे सात आठवडे हा उपास चालतो. वाटलं, आपल्या चातुर्मासासारखी सोय झाली. पण त्या उपासाला ऑक्टोपस, कोळंबी, शिंपले चालतात! तेव्हा नुसतं उपासाचं मागून भागणार नाही. ‘होरीस क्रेआस, होरीस झोमो’ हे शब्द पाठ केलेत : मांसाशिवाय, रश्श्याशिवाय.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटला तो होर्ता, म्हणजे रानभाज्या. आपल्याकडे टाकळा, कुरडू, भारंगी पावसाळ्यात येतात. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून डोंगरउतारावरची कोवळी पानं हिवाळ्यापासून वसंतापर्यंत मिळतात. ती उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालतात, बाकी काही नाही. स्तामनागाथी नावाची एक काटेरी, कडसर भाजी आहे, ती मला खायचीच आहे. जवाचे दोनदा भाजलेले कडक पाव पाण्याने ओलावून, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि तेल घालून दाकोस करतात. असे पाव महिनोन्‌महिने टिकत, म्हणून मेंढपाळ ते डोंगरावर बरोबर नेत. भाकरी वाळवून ठेवणाऱ्या घरातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण माझ्या रानभाज्या वसंतातल्या, आणि ह्यांना चालायची असलेली समारिया घळ 1 मेच्या आसपास उघडते. हिवाळ्यात पुराच्या भीतीने ती बंद असते. ओमालोसच्या पठारावरून बाराशेहून अधिक मीटर उतरत 16 किलोमीटर चालायचं, ते थेट समुद्राकाठच्या आग्या रूमेलीपर्यंत. तिथून संध्याकाळची बोट चुकली तर मुक्काम तिथेच. दोन आठवडे आम्ही ह्या एका प्रश्नावर अडलो होतो. एका एजंटाने सात दिवसांत तीन बेटं सुचवली. आम्ही नको म्हटलं.

उत्तर कॅलेंडरमध्ये निघालं. 2027 मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर 2 मे रोजी आहे. म्हणजे 24 एप्रिलला निघालो तर उपासाचा शेवटचा आठवडा आणि मोसमातल्या शेवटच्या रानभाज्या माझ्या वाट्याला, ईस्टरच्या रविवारचं भाजलेलं कोकरू ह्यांच्या वाट्याला, आणि त्यानंतर घळ. घळीसाठी 5 मे धरलाय आणि पुढे दोन दिवस मोकळे ठेवलेत, कारण हवा बिघडली तर ती बंद करतात. सणाच्या दिवसांत बसगाड्या कमी असतात, म्हणून ते तीन दिवस हन्यातच राहायचं. गाडी आम्ही चालवणार नाही. रस्त्याच्या उजवीकडून आणि तेही घाटात, पहिल्याच खेपेला नको. हेराक्लिओन, क्नोसोसचा राजवाडा आणि पूर्वेकडचं लासिथी पठार ह्या वेळी वगळलं. वाईट वाटलं, पण वगळलं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे आमचा 24 ऑक्टोबरपासून. सोबत किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. तोवर हे रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जातात, चढण्यापेक्षा उतरण्याच्या सरावासाठी, आणि मी स्वयंपाकघरात ग्रीक लिपी गिरवते. चोवीस अक्षरांपैकी सतरा येतात.