धाराशिव : दोन खांबांमधले मैदान

सोलापूरहून तुळजापूरमार्गे निघाले की बालाघाटच्या डोंगररांगेची चढण लागते. ती संपली की उघडे माळरान, ज्वारीची शेते आणि अधूनमधून शेळ्यांचे कळप दिसू लागतात. हा धाराशिव जिल्हा. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून शहराला उस्मानाबाद हे नाव मिळाले होते. आता सरकारी कागदावर धाराशिव आहे. घरातल्या बोलण्यात दोन्ही नावे चालतात. इथली शेळी मात्र देशभर अजून ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे इथे येतात ती हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांच्या दर्ग्याच्या जियारतीसाठी. सोबत मुले असली की नळदुर्गचा किल्लाही पाहून होतो. बोरी नदीचे पाणी अडवून बांधाच्या पोटात उभारलेला तिथला पाणीमहाल इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळते आणि आत उभे राहणारा माणूस कोरडा राहतो. मुलांना ही गोष्ट वर्षानुवर्षे आठवते.

पण या शहरात आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. तिला कमान नाही, तिकीट नाही. सपाट केलेली माती, तिच्यावर आखलेल्या रेषा आणि दोन टोकांना रोवलेले दोन लाकडी खांब. हे खो-खोचे मैदान. महाराष्ट्राच्या मुलींच्या खो-खोत धाराशिवचे नाव आदराने घेतले जाते, ते अशाच मातीमुळे.

खो-खो आपण सगळ्यांनी शाळेत पाहिला आहे, पण त्यातली हुशारी क्वचित लक्षात येते. आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मध्येच मागे वळता येत नाही. पळणारे तिघे मात्र बसलेल्यांच्या मधून हवे तसे आरपार जातात. म्हणून नुसता वेग कामी येत नाही. कोणाला, कधी ‘खो’ द्यायचा हे क्षणात ठरवावे लागते. आपण थांबून दुसऱ्याला उठवणे हाच या खेळाचा गाभा. नियम नीट लिहून काढण्याचे काम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४च्या सुमारास सुरू झाले. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. भारतीय खेळ परदेशी प्रेक्षकांनी पाहिले ते असे.

या खेळाला बॅट लागत नाही, जाळी लागत नाही, महागडे बूटही लागत नाहीत. ज्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही आणि हंगाम बुडाला की घराचे वर्ष बुडते, तिथे गरिबाच्या लेकरालाही परवडेल असा हा खेळ आहे.

सारिका काळे हिची गोष्ट याच मातीतली. वडील दिव्यांग, कमाई तुटपुंजी. आई शिवणकाम करायची. तेराव्या वर्षी सारिका खो-खोकडे वळली. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असे तिने पुढे सांगितले आहे. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिला घडवले. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला आणि सारिकाच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी घरच्या अडचणींना कंटाळून तिने खेळ सोडायचे ठरवले होते. खोलीचे दार लावून बसलेल्या नातीची काळजी आजीने प्रशिक्षकांच्या कानावर घातली. समजूत काढल्यावर ती मैदानावर परतली. पुढे तिला शासनाच्या क्रीडा विभागात नोकरी मिळाली, तुळजापूरला ती क्रीडा अधिकारी झाली आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली.

त्या आजीचा विचार मनातून जात नाही. तिला खेळाचे नियम कितपत ठाऊक असतील? पण नात खचली आहे आणि मदत कोणाकडे मागायची, हे तिने ओळखले. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईने टाकलेल्या पावलाने मुलीचे आयुष्य वळले.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्याच संघात दिल्लीची नसरीन शेख होती. तिचे वडील फिरून भांडी विकत. २०१९च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती आणि २०२३चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. जम्मू-काश्मीरची नाजिया बीबीही या विश्वविजेत्या संघात होती.

एखादे लहान शहर खेळाच्या बळावर किती दूर पोहोचते, याचा एक दाखला युरोपात आहे. लिथुआनिया देशातल्या काउनास शहराची वस्ती तीन लाखांच्या आसपास. तिथला ‘झालगिरिस’ हा बास्केटबॉल क्लब १९४४ साली सुरू झाला. देश सोव्हिएत सत्तेखाली असताना या क्लबने १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे सोव्हिएत विजेतेपद मिळवले, तेही मॉस्कोच्या बलाढ्य लष्करी संघाला मागे टाकून. लोकांना ते आपल्या अस्मितेचे यश वाटले. १९९९ मध्ये हाच क्लब युरोपचा विजेता झाला. आज त्याचे खेळाडू पगारी व्यावसायिक आहेत आणि सामन्यांना पंधरा हजारांच्या आसपास क्षमतेचे क्रीडागृह आहे.

खो-खोतही २०२२ पासून पैसा येऊ लागला. ‘अल्टिमेट खो खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. मुंबई, ओडिशा, गुजरात, चेन्नई असे संघ झाले, खेळाडूंना करार मिळाले. परंतु पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. ज्या खेळात धाराशिवच्या मुलींनी नाव कमावले, त्यात त्यांच्यासाठी अशी लीग तेव्हा नव्हती. त्यांचा आधार म्हणजे खेळाडूंच्या आरक्षणातून मिळणारी नोकरी, एखादा तळमळीचा प्रशिक्षक आणि घरच्यांची साथ.

यातली शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे. आपल्या मोहल्ल्यात मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचे पळणे थांबते. कारणे बहुतेक ठरलेली: अंधार पडतो, कपडे, लोक काय म्हणतील. यातली काही काळजी खरी असते आणि तिच्यावर उपायही असतो. सरावाची वेळ लवकरची ठेवता येते, पूर्ण बाहीचा सैल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालते का हे विचारता येते, दोन-तीन मुलींनी मिळून जाता येते, अम्मी किंवा खाला सोबत बसू शकते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आलेले आहे, हेही विसरू नये.

तेव्हा पुढच्या वेळी जियारतीला धाराशिवला गेलात, तर अस्रनंतर थोडा वेळ काढा आणि मुलांना, विशेषतः मुलींना, जवळच्या खो-खो मैदानाच्या कडेला उभे करा. सराव चालू असेल तर धूळ उडत असेल, ‘खो’चा आवाज येत असेल. तुमची मुलगी आधी नुसती पाहील. मग कदाचित विचारेल, “मी पण खेळू?” त्याचे उत्तर काय द्यायचे, हे घरून निघतानाच ठरवून ठेवा.