साखळी सुटली, रिंगण सुटेना

मंडळी, गोल फिरणारी जनावरं आमच्या पिढीला नवी नाहीत. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, तेलाच्या घाण्याला डोळ्यांवर झापड बांधलेला बैल फिरायचा. पण त्या फिरण्याला काम होतं, आणि संध्याकाळी मानेवरचं जू उतरलं की बैल थांबायचा. कामाशिवाय, कुणी जुंपलेलं नसताना दिवसभर फिरणारं जनावर मी सत्तरी ओलांडल्यावर पाहिलं. त्याची ही हकिगत.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. १९८० च्या सुमाराला भीमेचं पाणी अडलं आणि काठाला ऊस, केळी आली. पाणी उपसायच्या मोटारी काठावर बसल्या, आणि त्यांच्या मागोमाग मोटारी नि केबल चोरणारेही आले. म्हणून मोटारीपाशी कुत्रं बांधायची पद्धत पडली. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तशी मोटार पुढे न्यायची, तिच्याबरोबर खुंटी आणि कुत्रंही पुढे. अशाच एका खुंटीवर हरण्याची तीन वर्षं गेली.

हरण्या जातीचा कारवानी. सोलापूर-विजापूरकडची ही शिकारी जात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. लांब तोंड, पाठीला चिकटलेलं पोट, सशामागे माळ पालथा घालणारे पाय. असल्या जनावराला तीन हात साखळी! मालकानं जमीन वाट्यानं दिली, ते कुटुंब पुण्याला गेलं आणि कुत्रं मागे राहिलं. माझ्या पुतण्याचा मुलगा त्याला सोडवून आमच्या वस्तीवर घेऊन आला.

साखळी काढली तर ते पळालं नाही. अंगणाच्या मधोमध उभं राहिलं आणि फिरायला लागलं. तीन हातांचंच रिंगण, जणू खुंटी अजून तिथंच आहे. दम लागेपर्यंत फिरायचं, पाणी प्यायचं, पुन्हा सुरू. पुढच्या पायाच्या गाद्या सोलून निघाल्या होत्या. पोरं हसायची, मोबाइलवर चित्रण करायची. आणि गर्दी जमली की ते आणखी जोरात फिरायचं.

चौथ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचे चार जण काठ्या घेऊनच आले. "गुरुजी, पिसाळलंय ते. लेकराबाळांचं गाव आहे." त्यांची भीती खोटी नव्हती. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर वेळेत लस मिळाली नाही तर काय होतं, हे आम्ही सगळे जाणतो. मी त्यांच्याकडून दहा दिवस मागून घेतले. लक्षणं दिसू लागलेलं पिसाळलेलं कुत्रं बहुधा तेवढ्या दिवसांत मरतं. हरण्याला कुंपणाच्या आत वेगळं ठेवलं, पोरांना लांब केलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी आधी कान तपासले, मग डोळे, चाल, मान. त्यांनी सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुत्रं एकाएकी गोल फिरू लागलं, मान एका बाजूला कलली, तोल जाऊ लागला, तर कानाच्या आतल्या भागाचा, मेंदूचा किंवा डिस्टेंपरसारखा आजार असू शकतो. तिथं लाड करून उपयोग नाही, उपचारच हवेत. हरण्याची मान सरळ होती, खाणंपिणं नीट होतं, आणि भाकरी दाखवली की तो क्षणभर का होईना थांबत होता. म्हणजे बहुधा ही कोंडून ठेवल्याची सवय. दहा दिवस गेले, हरण्या जिवंत राहिला, काठ्या परत गेल्या. मग त्याला लस टोचली.

२००३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोन संशोधक बाईंनी प्राणिसंग्रहालयातल्या मांसभक्षक प्राण्यांविषयी लिहिलं होतं. रानात ज्याचा मुलूख मोठा, ते जनावर पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतं, असा त्याचा मथितार्थ. ध्रुवीय अस्वल हे त्याचं ठळक उदाहरण. ते वाचल्यावर मला हरण्याची तीन हात साखळी वेगळी दिसायला लागली.

आता उपाय. पस्तीस वर्षं मुलं सांभाळल्याचा अनुभव इथं कामी आला. चुळबुळ करणारं मूल "गप्प बस" म्हटल्यानं बसत नाही, हाताला काम दिलं की बसतं. म्हणून ओरडायचं नाही, धरून ठेवायचं नाही, हसायचंही नाही, असा घरात दंडक केला. पायाच्या गाद्या भरून आल्यावर सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी लांब दोरी लावून गाळपेरीच्या रानात फिरवायचं. भाकरी ताटलीत न देता तुकडे करून गवतात विखरायची, म्हणजे नाक कामाला लागतं आणि पाय थांबतात. हे खातं आमच्या मंडळींनी सांभाळलं.

महिनाभरानं ध्यानात आलं की तो सगळ्यात जास्त फिरतो तो शेतीची लाइट आल्यावर. स्टार्टरचा खटका पडून मोटार घुमू लागली की याचं चक्र सुरू. तीन वर्षं त्या आवाजाशेजारी काढलेली! मग त्याला मोटारीपासून खूप लांब, जिथं आवाज जेमतेम येतो तिथं न्यायचं, खटका पडला की फिरायच्या आत भाकरीचा तुकडा द्यायचा. चार-आठ दिवसांनी दहा पावलं जवळ. फिरू लागला तर निमूट मागे. डॉक्टर म्हणाले होते, एवढ्यानं भागलं नाही तर फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं आहेत, पण ती त्यांच्याच सल्ल्यानं, माणसाच्या गोळ्या अंदाजानं द्यायच्या नाहीत. आम्हाला ती लागली नाहीत. काहींना लागतात, त्यात कमीपणा नाही.

धरणात घर गेलेले एक आजोबा आमच्या गावात होते. नव्या गावठाणातल्या घराला उंबरठाच नव्हता, तरी ते दारातून आत येताना शेवटपर्यंत पाऊल उंच उचलायचे. तेव्हा आम्हा तरुणांना गंमत वाटायची. मनातून गेलं तरी अंगातून जायला वेळ लागतो, हे आता उमजतं.

हरण्याला दीड वर्ष झालं. पूर्ण बरा झाला असं म्हणणार नाही. दिवाळीत फटाके वाजले तेव्हा चार गिरक्या घेतल्याच त्यानं. पण आमच्या मंडळींनी "हरण्या, ये" म्हटलं आणि तो थांबून त्यांच्या पायाशी येऊन बसला.

कुत्रं फार आखूड किंवा फार जड साखळीनं सतत बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी एक साधी गोष्ट करता येईल. आपापल्या वस्तीवर, भावकीत, कुणाच्या मोटारीपाशी कुत्रं बांधलेलं असेल तर खुंटीभोवतीची जमीन बघा. गवत उगवलेलं असेल तर ठीक. घासून घासून गुळगुळीत रिंगण पडलं असेल, तर मालकाशी गोडीनं बोला आणि संध्याकाळी तासभर ते कुत्रं तुम्हीच फिरवून आणा.