छत्रीच बुडाली!

मुलांनो, आमच्या मुलुंडच्या वर्गातलं छत्रीचं झाड, म्हणजे शेफलेरा, गेल्या पावसाळ्यात मेलं. तहानेनं नव्हे, पाण्यानं! दमट हवेत कुंडीतली माती वाळेना, त्यात प्रत्येकजण प्रेमाने तांब्याभर ओतायचा. मुळं कुजली.

यंदा सगळे मिळून रोपवाटिकेत गेलो. ऑस्ट्रेलियातलं मोठ्या पानांचं फार उंच वाढतं, म्हणून तैवानकडचं लहान पानांचं निवडलं. एकेका देठावर सात ते नऊ पानं, अगदी उघडलेली छत्री! पानं पिवळी किंवा चिकट नाहीत ना, तेही पाहिलं.

आता कुंडी उजेडात, पण कडक उन्हापासून दूर आहे. पान मात्र चघळायचं नाही, तोंडाची आग होते.

"बाई, पाणी घालू?" रोज कुणीतरी विचारतंच. बाकीचे ओरडतात, "आधी मातीत बोट घालून बघ! कोरडी लागली तरच!"