हुगळीच्या पात्रातून, आईसोबत

वाचकहो, गुडघे दुखणाऱ्या, हृदय अशक्त झालेल्या वडीलधाऱ्यांनी प्रवास करावा का, हा प्रश्न दवाखान्यात मला वरचेवर विचारला जातो. गेल्या हिवाळ्यात तो माझ्याच घरात उभा राहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला गंगा पाहायची होती. पण काशीचे घाट आणि तिथली गर्दी तिला झेपणारी नव्हती. अखेर कोलकात्याहून मुर्शिदाबादकडे जाणारी सात रात्रींची बोटीची सफर आम्ही ठरवली. सामान एकदाच उघडायचे, झोपायची खोली रोज तीच, आणि गावे मात्र रोज नवी. थकलेल्या शरीराला याहून सोयीचा प्रवास क्वचितच असेल.

गंगेच्या या प्रवाहाला वरच्या भागात भागीरथी आणि खाली हुगळी म्हणतात. थोड्याच मैलांच्या अंतरात पोर्तुगीजांचे बंडेल, डचांचे चुंचुडा, फ्रेंचांचे चंदननगर आणि डॅनिशांचे श्रीरामपूर अशी गावे लागतात. श्रीरामपूर १८४५पर्यंत डॅनिशांकडे होते. मराठी माणसाने येथे थोडे थांबावे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली येथेच छापला गेला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. आईने लहानपणी आजोबांची मोडीतली पत्रे पाहिली होती. ती बराच वेळ त्याविषयीच बोलत राहिली.

तिसऱ्या दिवशी आम्ही कालना येथे उतरलो. बर्दवानच्या महाराजांनी १८०९ साली बांधलेली १०८ शिवमंदिरे येथे दोन वर्तुळांत उभी आहेत, बाहेर ७४ आणि आत ३४. आतल्या वर्तुळातील सर्व शिवलिंगे पांढरी, बाहेरची काळी आणि पांढरी. आईने काठी टेकत आतले वर्तुळ पूर्ण केले. मला अभिमान वाटला.

त्याच रात्री दोन वाजता ती उठून बसली. धाप लागली होती. पायांवर बोट दाबले तर खळगा पडत होता. तीन दिवसांपूर्वी एका उशीवर झोपणारी आई आता तीन उशा मागत होती. मी गोळ्यांची डबी उघडली. लघवी वाढवणारी सकाळची गोळी तीन दिवसांची तशीच शिल्लक होती.

"अरे, बाहेर फिरताना शौचालय कुठे असते? उगाच सगळ्यांचा खोळंबा," ती म्हणाली.

बोटीवर डॉक्टर नव्हता, काठावर मिट्ट अंधार होता. तिला टेकून बसवले, रक्तदाब तपासला, गोळी दिली आणि उजाडेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलो. पहाटे धाप ओसरली. पण वाचकहो, चूक तिची नव्हती. शौचालयाविषयी मी तिला एकदाही विचारले नव्हते. इतरांना बजावणारा मी, घरच्या रुग्णाची डबी पाहायला विसरलो होतो.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघे बोटीवरच राहिलो. काटवा गाव डेकवरूनच पाहिले. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांचा तळ येथे होता. बंगालमध्ये मराठा स्वारांना 'बर्गी' म्हणत; त्यांच्या लुटीची भीती तेथील अंगाईगीतांत आजही टिकून आहे. हे ऐकून आई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे इथल्या आया आपल्या नावाने मुलांना झोपवतात." या गोष्टीचा असा विचार मी कधी केला नव्हता.

मुर्शिदाबादला १८३७चा हजारदुआरी राजवाडा आहे. हजार दारांपैकी बरीच नुसती दिखाऊ. इतर प्रवासी दगडी पायऱ्या चढून गेले. आई खाली बाकावर बसली. समोर राजवाडा, मागे पांढराशुभ्र इमामबाडा. "मला इथूनच पुरेसे दिसते," ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात खंत नव्हती.

आपण असा प्रवास योजत असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारा : बोटीला लिफ्ट आहे का? खोली कोणत्या मजल्यावर? प्रत्येक घाटाला पायऱ्या किती? उतरल्यावर शौचालय कोठे? रात्रीच्या मुक्कामापासून रुग्णालय किती दूर? लघवीच्या गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा. गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका. औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, जुना ईसीजी सोबत घ्या. हृदयाच्या रुग्णाचे वजन रोज सकाळी पाहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा आडवे झाल्यावर धाप लागली, तर फिरणे थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

आणि सोबत जाणाऱ्यांनो, रोज रात्री डबी उघडून पाहा. वडीलधारी माणसे आपल्याला त्रास नको म्हणून पुष्कळ काही लपवतात. संकोच न करता विचारा. आईने आता नर्मदेचे नाव काढले आहे. या वेळी पहिला प्रश्न मी शौचालयाचाच विचारणार आहे.